रंग मळतात, चित्र सपाट दिसतं: ट्यूब बदलायच्या आधी टोन तपासा

आमच्या सोलापुरातल्या मोठ्यांच्या पेंटिंग क्लासला दर बॅचमध्ये एक तक्रार येतेच येते, फक्त शब्द वेगवेगळे. कोणी म्हणतं "सर, परत चिखल झाला की ओ", कोणी म्हणतं "रंग तर तोच घेतलाय, पण तसा दिसंना", आणि एक काका आहेत ते काहीच बोलत नाहीत, नुसतं चित्र समोर धरतात आणि म्हणतात "बघा तुम्हीच". सगळ्यांचं दुखणं एकच. ड्रॉइंग ठीक आहे, रंग ओळखू येतात, पण चित्र सपाट आणि मळकट. मग पुढच्या रविवारी नवी पेठेतून दोन नव्या ट्यूब येतात, आठवडाभर आनंद, आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

तर हे परत परत का होतं आणि तपासायला कुठून सुरुवात करायची ते एकदाच लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको. यातलं बरंचसं ॲक्रिलिक, वॉटरकलर, पोस्टर कलर तिन्हींना लागू आहे, जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

पहिलं म्हणजे ट्यूब घेऊ नका. बहुतेक वेळा बिघाड रंगात नसतोच, टोनमध्ये असतो. टोन म्हणजे रंग बाजूला ठेवला तर ती जागा किती उजळ आणि किती गडद. कुठलाही रंग घ्या, त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात, तो कुठला रंग आहे, किती उजळ-गडद आहे, आणि किती भडक किंवा मंद आहे. अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तिन्ही गोष्टी वेगळ्या मोजायची पद्धत बसवली, आणि आज माती तपासणारे लोक काळ्या-तांबड्या मातीचा रंगसुद्धा त्याच्याच तक्त्याला लावून ठरवतात. आपण काय करतो, पहिली गोष्ट बरोबर पकडतो, तांबडं ते तांबडं आणि हिरवं ते हिरवं, आणि दुसरी अंदाजपंचे सोडून देतो.

याचं मूळ शाळेत आहे असं माझं मत. आपल्यापैकी निम्म्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते, त्यात संकल्पचित्राला पोस्टर कलर एकसारखा, डाग न पडता, रेषेच्या आत भरला की मार्क. ती सवय इतकी मुरलेली असते की पंचवीस-तीस वर्षांनी परत ब्रश धरला तरी हात आधी आउटलाइन काढतो आणि मग आत सपाट रंग भरायला लागतो. डिझाइनला ते बरोबरच होतं हो, समोर ठेवलेल्या तांब्याला ते चालत नाही एवढंच.

आधी ही टेस्ट करा, मगच पुढचं वाचा

चित्र आणि समोरची वस्तू शेजारी शेजारी धरून एकाच फ्रेममध्ये मोबाइलवर फोटो काढा. वेगवेगळे दोन फोटो नकोत, कारण मोबाइल प्रत्येक फोटोला आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करतो आणि तुलनाच बिघडते. मग एडिटमध्ये जाऊन सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) पूर्ण खाली आणा, म्हणजे फोटो काळा-पांढरा होतो. तयार ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर शक्यतो नको, त्यातले काही कॉन्ट्रास्ट वाढवून देतात आणि आपलं चित्र उगाच भारी वाटतं. फोटोवरून काम करत असाल तर मूळ फोटोची प्रिंट आणि चित्र असं एकत्र धरा.

आता बघा. काळ्या-पांढऱ्यात वस्तूला गोलाई आहे, सावली वेगळी पडलीय, मागचं मागे गेलंय, आणि तुमचं चित्र मात्र एकच राखाडी पत्रा दिसतंय? मग तुमचा प्रॉब्लेम टोनचा आहे, रंग कितीही बदला, फरक पडणार नाही. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखं दिसतंय आणि रंगीतमध्येच घाण वाटतंय? मग रंग मिसळण्यात गडबड आहे, ते खाली लिहिलंय. आणि क्लासमध्ये छान होतं पण घरी गेल्यावर बिघडलं असं असेल तर ते तिसरंच प्रकरण, वाळण्याचं आणि उजेडाचं.

मोबाइल जवळ नसेल तर डोळे बारीक करा, अगदी पापण्यांच्या फटीतून बघितल्यासारखे. रंगांचा भडकपणा कमी होतो, बारीकसारीक तपशील जातो आणि मोठे उजळ-गडद भाग तेवढे राहतात. सगळे सांगतात हे, करत कोणी नाही.

टोनचा बिघाड असेल तर

कागदाच्या कडेला पाच चौकोनांची पट्टी करून घ्या, १ म्हणजे कागदाचा पांढरा, ५ म्हणजे जमेल तेवढा काळा, मधे तीन राखाडी. ही पट्टी करतानाच बऱ्याच जणांना पहिला झटका बसतो, कारण पांढरा आणि काळा निम्मे-निम्मे घेतले की मधला राखाडी येईल असं वाटतं आणि येतो चांगलाच गडद. काळा जोरदार असतो, पांढऱ्याच्या डबक्यात ब्रशच्या टोकाने थोडा थोडा टाकायचा. पट्टी वाळली की ती चित्राशेजारी कायम ठेवायची, आणि प्रत्येक मोठ्या भागाला आधी नंबर द्यायचा, मग रंग ठरवायचा. "ही भिंत २, दार ४, पायरीची सावली ४ ला थोडी कमी" असं पेन्सिलीने लिहूनच टाका, कोणी हसत नाही.

सोलापुरात स्टिल लाइफ (समोर ठेवलेल्या वस्तूंचं चित्र) मांडायचं म्हटलं की चादर येणारच, आणि चादर हे टोन शिकायला सगळ्यात भारी आणि सगळ्यात फसवं सामान आहे. आमच्याकडे एक अण्णा येतात, त्यांचा स्वतःचा पॉवरलूम आहे, जन्म गेला जॅकार्डची (मागावर विणलेली) नक्षी बघण्यात, त्यांनी चादर काढली तर त्यातला एकेक चौकोन, एकेक कोन असा बिनचूक की विचारू नका. पण चादर टेबलावरून खाली लोंबतेय, तिला तीन मोठ्या घड्या पडल्यात, हे चित्रात कुठेच नाही. भिंतीवर खिळे मारून ताणून बसवल्यासारखी दिसत होती. त्यांनी मरून सगळीकडे तोच मरून लावला होता, पांढरा सगळीकडे तोच पांढरा, कारण धागा तर एकच आहे ना, घडी पडली म्हणून धाग्याचा रंग थोडाच बदलतो.

धागा नाही बदलत, पण त्यावर पडणारा उजेड बदलतो आणि आपल्याला तो काढायचा असतो. एक जुनी लग्नपत्रिका घ्या, त्याला पंच मशीनने भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्या भोकातून चादरीचा एकेक ठिपका बघा. खिडकीकडच्या घडीच्या माथ्यावरचा पिवळा बघा, मग आतल्या खोबणीतला पांढरा बघा. आमच्या मांडणीत त्या दिवशी पांढराच जास्त गडद निघाला, अण्णांनी पत्रिका खाली घेतली, नुसत्या डोळ्यांनी बघितलं, परत पत्रिका लावली, असं बराच वेळ चाललं. डोळ्याला माहीत असतं की हा पांढरा धागा आहे म्हणून तो आपल्याला पांढराच दाखवत राहतो, भोकातून बघितलं की आजूबाजूचं कापड दिसत नाही आणि तो राखाडी आहे हे कबूल करावं लागतं.

मग चादर काढायची कशी, तर नक्षी पूर्ण विसरायची. पातळ बर्न्ट अंबरने (गडद तपकिरीने) नुसत्या घड्या काढायच्या, उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू, एका रंगात, म्हणजे साधी मळखाऊ चादर टाकलीय असं समजून. ते वाळू द्यायचं. मग पॅलेटवर दोन ओळी करायच्या, वरच्या ओळीत चादरीतल्या प्रत्येक रंगाचं उजेडातलं डबकं, खालच्या ओळीत त्याच रंगाचं सावलीतलं डबकं. मरूनचे दोन, पिवळ्याचे दोन, पांढऱ्याचे दोन. नियम एकच, एकाच रंगाचा सावलीतला सगळ्यात उजळ भागसुद्धा त्याच्या उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडद राहिला पाहिजे. आता नक्षी भरायला घ्या, आणि ब्रश घडीच्या कडेवरून पलीकडे गेला की ओळ बदला. वेळ जातो, मान दुखते, पण चादर लोंबायला लागते.

हाच घोळ भुईकोट किल्ल्यावर स्केचिंगला गेलो की उलट्या बाजूने होतो. दगड काळा हे सगळ्यांना पाठ, म्हणून ट्यूबमधला काळा थेट तटबंदीला. सकाळी दहा-अकराच्या उन्हात त्या भिंतीला पत्रिकेच्या भोकातून बघा, पट्टीवर ती २ किंवा ३ च्या आसपास येते, आणि खरा ५ फक्त दरवाजाच्या कमानीच्या आत, बुरुजाच्या फटीत, झाडाच्या बुंध्याशी. भिंतच ५ केली तर कमानीला जायला जागाच उरत नाही, मग लोक तिथे पांढऱ्याने आउटलाइन मारतात आणि किल्ला कार्टून होतो.

आणि संक्रांतीच्या सुमारास सगळ्यांना सिद्धेश्वर यात्रा काढायची असते. पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा), फेटे, नंदीध्वजांच्या उंच काठ्या, गर्दी. पांढरे कपडे म्हणून कागद तसाच सोडून दिला जातो, आणि मग शंभर माणसांचा मिळून एक पांढरा ढग तयार होतो. पांढऱ्या कपड्याचा उजेडातला भाग २ पासून सुरू करा, सावलीतला ३ किंवा ३ च्या पुढे, आणि कोरा कागद फक्त जिथे ऊन थेट लागतंय तिथे, खांद्याची कड, फेट्याचा एखादा पदर, एवढाच. सावलीतल्या पांढऱ्यात आकाशाचा निळसरपणा येतो आणि खालच्या बाजूला, जमिनीजवळ, मातीवरून परतलेल्या उजेडाने तो जरा पिवळसर होतो, हे दोन्ही टोन न बदलता दाखवलं की कापड जिवंत होतं. तलावातलं देवळाचं प्रतिबिंब काढताना एवढंच लक्षात ठेवा की उजळ वस्तू पाण्यात थोडी गडद दिसते आणि गडद वस्तू थोडी उजळ, हुबेहूब उलटी कॉपी करू नका.

टोन बरोबर आहे पण रंग घाण दिसतोय तर

इथे खरा चिखल सुरू होतो. एका वहिनींना वांगी रंगाची इरकल काढायची होती, नेसून बसलेल्या त्यांच्या सासूबाई, फोटोवरून. तांबडा आणि निळा मिळून जांभळा हे पहिलीपासून माहीत, म्हणून त्यांनी व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरीन मिसळला, आला तपकिरी. आणखी निळा टाकला, काळपट तपकिरी. पांढरा टाकला, सिमेंट. मग राग.

कारण असं की ट्यूबमधला कुठलाच तांबडा "नुसता तांबडा" नसतो, तो एका बाजूला झुकलेला असतो. व्हर्मिलियन आणि स्कार्लेट पिवळ्याकडे झुकलेले, क्रिमसन निळ्याकडे झुकलेला. व्हर्मिलियन घेतला म्हणजे तुमच्या नकळत त्यातून पिवळेपणा आला, आणि पिवळा हा जांभळ्याचा थेट विरोधक, तो जांभळ्याला मारून टाकतो. क्रिमसन अधिक अल्ट्रामरीन घेतला की सरळ वांगी येतो. त्याच वहिनींनी त्याच दिवशी केला, एक थेंबसुद्धा तिसरा रंग न घालता.

हिरव्याचंही तेच. लेमन यलो हिरव्याकडे झुकलेला, थॅलो ब्लू पण हिरव्याकडे, दोन्ही मिळून ज्वारीच्या कोवळ्या पात्यासारखा झगझगीत हिरवा. गॅम्बोज किंवा डीप यलो नारिंगीकडे झुकलेला आणि अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला, त्यांचा हिरवा मंद येतो, शेवाळी. पण मंद म्हणजे वाईट असं नाही बरं का, मे महिन्यातली बाभळ काढायची असेल तर तोच हवा, झगझगीत हिरव्याने बाभळ काढली तर ती कोकणातली वाटते. चिखल त्यालाच म्हणायचं जो तुम्हाला नको असताना आला.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड असतो, भिंग लावून एकदा वाचा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असा एकच कोड असतो. सॅप ग्रीनसारख्या रंगांवर बहुधा दोन किंवा तीन असतात, म्हणजे तो आधीच मिसळलेला आहे. असा तयार हिरवा आणि असाच तयार व्हायोलेट एकत्र केला तर तुम्हाला वाटतं मी दोनच रंग मिसळले, प्रत्यक्षात पाच झाले. मी सांगतो ते सोपं आहे, कोड मोजून तीनच्या पुढे जायचं नाही, पांढरा धरून चार.

काळ्याने सावली करायची सवय पण सोडा. पिवळ्यात काळा टाकला की सावली येत नाही, शेवाळी हिरवा येतो, कारण बहुतेक काळे जरा निळसर असतात. म्हणून चित्रातल्या केळ्यांना बुरशी आल्यासारखी दिसते. पिवळ्याची सावली करायला यलो ऑकर, मग रॉ सिएना, अगदी गडदला चिमूटभर व्हायोलेट. तांबड्याची सावली क्रिमसन आणि बर्न्ट सिएनाने, लागलाच तर थेंबभर हिरवा. आणि चित्रातला सगळ्यात गडद रंग हवा असेल तर अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएना, हे दोघं मिळून काळ्याच्या जवळ जातात, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार, किल्ल्याच्या दगडाला याच्यासारखं दुसरं काही नाही.

तसंच उजळ करायचं म्हणजे पांढराच घालायचा असं नाही. टायटॅनियम व्हाइट जोरदार आणि थंड असतो, तो तांबड्यात घातला की उजेडातला तांबडा न येता गुलाबी येतो, आणि सगळ्याच रंगांत घातला की चित्रावर खडूची भुकटी उडाल्यासारखी दिसते. तांबड्याला उजळायला आधी थोडा नारिंगी घ्या, मग लागला तर जरासा पांढरा. वॉटरकलरवाल्यांनी तर पाणी वाढवायचं, पांढऱ्याला हात लावायचं कारण नाही.

पाण्याचं सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी टाकून द्यायला जीव होत नाही हे मला कळतं, पण एकाच बरणीतल्या तपकिरी पाण्याने पिवळा लावून तो स्वच्छ येईल अशी अपेक्षा करू नका. तीन बरण्या ठेवा. पहिलीत ब्रशचा मुख्य मळ झाडायचा, दुसरीत विसळायचा, तिसरीतलं स्वच्छ पाणी फक्त रंग पातळ करायला. ब्रश पहिलीत बुडवण्याआधी फडक्याला पुसला तर पाणी दुप्पट वेळ टिकतं. पहिल्या बरणीतलं पाणी रात्रभर तसंच ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं दुसऱ्या दिवशी परत पहिल्या बरणीलाच चालतं, आणि गाळ कागदावर ओतून वाळवून कचऱ्यात टाका, ॲक्रिलिकचा गाळ मोरीत नको.

टोन बरोबर, मिश्रण स्वच्छ, तरी एक रंग मळका वाटतो

हे पण होतं, आणि हे सोलापूरकरांना पटकन पटतं कारण गोष्ट विणकामातलीच आहे. पॅरिसमध्ये गोबेलिन्स म्हणून गालिचे-भित्तिवस्त्रं विणायचा सरकारी कारखाना, तिथे शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळ्या धाग्याचा रंग फिका पडतोय, डाय खराब आहे. त्यांनी दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून बघितले, डायमध्ये काही खोट नव्हती. तो काळा ज्या निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारी विणला जायचा त्यांच्यामुळे तो मळका दिसत होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक पलीकडच्यावर टाकतो, डोळ्यातच होतं ते, धाग्यात काही होत नाही. १८३९ मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिलं आणि पुढे कितीतरी चित्रकारांनी ते उचललं.

अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हे तर आम्ही रोज बघतो की, राणी कलर शेजारी आला की राखाडी हिरवा मारतो." मग चित्रात का विसरता! म्हणजे उपाय असा की जो रंग मळका वाटतोय त्याला हात न लावता आधी शेजाऱ्याला बदलून बघा. कागदाच्या तुकड्यावर दुसरा रंग लावून तो शेजारच्या जागेवर नुसता ठेवून बघायचा, चिकटवायची पण गरज नाही. विटकरी रंग उठत नसेल तर त्याच्यामागे जरा निळसर राखाडी ठेवा. सगळं चित्र भडक असेल तर एकही रंग भडक वाटत नाही, कुठेतरी मंद जागा सोडावी लागते.

क्लासमध्ये छान होतं, घरी बिघडलं

दोन कारणं, एक वाळणं आणि एक उजेड.

ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, कारण ओलं असताना त्यातला बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. वॉटरकलर उलटं, वाळल्यावर उजळ होतं. म्हणून वॉटरकलर लावताना थोडा जास्तच गडद वाटला तर बहुतेक वेळा बरोबर असतो. पोस्टर कलर आणि गुवाशचं (अपारदर्शक वॉटरकलरचं) आणखी वेगळं, उजळ छटा जरा गडद होतात आणि गडद छटा जरा फिक्या, म्हणजे दोन्ही टोकं मधे येतात आणि चित्र सपाट होतं. ज्यांचं सपाटपणाचं दुखणं पोस्टर कलरमध्येच होतं त्यांनी दोन्ही टोकं मुद्दाम थोडी ताणून लावावीत. सगळ्यांसाठी एकच सवय, मिश्रण केलं की त्याच कागदाच्या तुकड्यावर एक पट्टा मारा, वाळू द्या, मग चित्रावर लावा.

उजेडाचं म्हणाल तर संध्याकाळची बॅच पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली चालते, तो उजेड निळसर, आणि घरी हॉलमध्ये पिवळा बल्ब. ट्यूबखाली बरोबर वाटलेला राखाडी घरी तपकिरी दिसणारच. एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलंय का बघा, आणि उजेडाचा रंग ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यानचा घ्या, महत्त्वाचं म्हणजे कागदावर आणि पॅलेटवर एकच उजेड पडू द्या.

आता उत्तरेच्या खिडकीबद्दल. यूट्यूबवर प्रत्येक जण सांगतो की स्टुडिओला उत्तरेचा उजेड घ्या, तिकडून ऊन थेट येत नाही. युरोपात दुपारी ते खरं आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही झळ आणि कवडसा येतो, सकाळ-संध्याकाळी तर नक्कीच. खिडकीला पांढरं मलमल लावा, रंगीत पडदा अजिबात नको, हिरव्या पडद्यातून आलेल्या उजेडात केलेला माणसाचा चेहरा दारात नेऊन बघितला की तांबडालाल निघतो.

एप्रिल-मे मध्ये सगळंच अवघड होतं

चाळीस-बेचाळीसच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिक पॅलेटवरच कातडी धरतं, दोन टोन एकमेकांत मिसळायच्या आत कड वाळून जाते, आणि मग लोक अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश घासत राहतात, खालचा रंग उचकटतो, मळ तयार होतो. सिलिंग फॅन बंद करा, कूलरची हवा थेट कागदावर नको. हवा हवीच असेल तर टेबल फॅन पाठीकडे. ताटात ओला टिश्यू पेपर, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, असं केलं की रंग पूर्ण बॅचभर ओला राहतो. वॉटरकलरच्या पाण्यात एक-दोन थेंब ग्लिसरीन टाकलं की वॉश (पातळ रंगाचा थर) जरा हळू वाळतो, जास्त टाकू नका, नाहीतर कागद चिकट राहतो. पातळ कार्ट्रिज पेपर उन्हाळ्यात पाणी गटकन पितो आणि वॉशला कडा पडतात, निदान या दोन महिन्यांत ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या किंवा चित्र लहान करा. आणि कड एकदा वाळली की तिच्याशी झटापट करू नका, पूर्ण वाळू द्या आणि वरून पातळ थर द्या.

इतकं सगळं करून ग्रुपवर टाकलेला फोटोच मळका येतोय अशी शेवटची एक तक्रार असते, त्यात चित्राचा काही दोष नसतो. ट्यूबलाइटखाली वरून फोटो काढला की मोबाइलची सावली चित्रावर पडते आणि पांढरा रंग हिरवट येतो. सकाळी नऊ-दहाला व्हरांड्यात, थेट ऊन नाही पण उघडा उजेड आहे अशा जागी चित्र भिंतीला टेकवा, मोबाइल चित्राच्या मधोमध समांतर धरा, आणि फोटोत चित्रासोबत ती पाच चौकोनांची पट्टी पण येऊ द्या, म्हणजे तुमचा ३ नंबर मला इकडे ३ च दिसतोय का ते कळेल आणि मग मी काय चुकलंय ते सांगू शकेन.